चार मिनिटं

नकाशाच्या नेमक्या घडीवर आलं होतं हे गाव,
म्हणून नाव अर्धं झिजलेलं: ल्विन.
उरलेलं पाटीवर सापडलं. टॉल्विन, सस्कॅचेवान.
लोकसंख्या १८३,
आणि त्यातल्या तिनावर कुणीतरी ब्रशने चार काढलेला.
बाळ जूनमध्ये झालं, हे नंतर कळलं.

रस्ता एकच. पण रुंद केवढा!
आठ घोड्यांची गाडी एका दमात वळावी
म्हणून आखला होता म्हणे.
आता त्यात एक कुत्रं वळतं,
तेही तीनदा थांबून.

दोन्ही बाजूंना उंच कपाळाची दुकानं:
हार्डवेअर, न्हावी, बंद पडलेलं शिवणयंत्रांचं,
आणि बँक, जिच्या तिजोरीत
व्हर्ला ह्नात्युक बीटाचं लोणचं ठेवते.
उन्हाळ्यातही गार राहतं, म्हणाली,
आणि कुलूप चांगलं आहे.

मी बोळात शिरलो.
पुढून दुमजली दिसणारं हार्डवेअर
मागून निघालं बैठं, पत्र्याचं,
अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखं.
वरच्या मजल्याच्या खिडक्यांना पडदे होते,
पडद्यांमागे आकाश.
खूप होतं. इथं दुसरं काही एवढं नाही.

पुढे शिडीवर आर्विद टॉलेफसन, हातात पिवळा रंग.
"मागची बाजू नाही रंगवत?"
"गाडी चार मिनिटं थांबायची इथं,"
डब्याच्या काठाला ब्रश निपटत तो म्हणाला,
"इंजिनात पाणी भरायला. तेवढ्यात
खिडकीतल्या कुणाला तरी वाटायला हवं ना,
उतरावं.
माझ्या आजीला वाटलं."
"मग?"
"मग काय. ती मागे जाऊन पाहीपर्यंत
गाडी गेली होती."

तो हसला नाही. मी हसलो,
आणि मग भिंतीकडे बघत राहिलो.
माणसांची गाडी बंद होऊन साठ वर्षं झाली.
दर मे महिन्यात तो शिडी काढतो,
पुढून सुरू करतो, पुढेच संपवतो.

डग्लस माहच्या कॅफेत
चामड्याच्या पेल्यात फासे खुळखुळत होते.
हरेल त्याने टेबलाची कॉफी द्यायची.
मला खुर्ची दिली, खिडकीजवळची,
कॅलेंडरच्या शेजारची. मानाची वाटली.
तीनला काच थरथरली, फासे थांबले.
"आता डबे," राइनहोल्ट म्हणाला. "मोजा."

धान्याची गाडी. थांबत नाही, हळूही होत नाही.
सहा म्हातारे काचेशी,
ओठ हलतायत, आवाज नाही,
प्रार्थनेला उभे असल्यासारखे,
फक्त एकाच्या हातात डोनट.
मी मराठीत मोजत होतो,
इंग्रजीत मोजलेलं मला खरं वाटत नाही.
एकोणऐंशीला अडखळलो,
दुसरीत अडखळायचो तिथंच,
तरी सावरलो.

"एकशे सात."
"एकशे बारा," बाकीचे, एका सुरात.
मी सात कॉफ्यांचे पैसे दिले.
सुटे परत देताना डग्लस हळूच म्हणाला,
"त्या खुर्चीवरून पहिले पाच दिसत नाहीत.
कॅलेंडर येतं मध्ये.
ती पाहुण्यांसाठीच आहे."

संध्याकाळ व्हायला तिथं फार वेळ लागतो.
सूर्याला आडोसाच नाही, बिचारा उघड्यावर मावळतो,
सगळ्यांसमोर.
व्हर्लाने लोणच्याची बाटली दिली, बरणी परत कर म्हणाली,
जसा मी पलीकडच्या गल्लीत राहतो.

हमरस्त्यावर समोरून एक पिकअप आला.
चालवणाऱ्याने स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं,
इथली रीत, ओळख लागत नाही.
मीही उचललं माझं, जरा उशिरा,
तेव्हा दिसलं, ते पिवळं होतं.
कुठं टेकलो होतो कोण जाणे.